बिनविरोध पैलवान

भिसेगावचा जयवंता पैलवान गेली काही वर्षं न लढताच जिंकत होता. हे त्याच्या तोंडावर बोलायची कुणाची टाप नव्हती, म्हणून लोक त्याच्या बायकोला बोलत. "काकी, काका यंदाही बिनविरोध काय?" गोदूबाई म्हणायची, "मग मी काय करू? आजकालच्या पोरांत दमच नाय," आणि तोंडाला पदर लावून आत जायची. पदर लाजेपायी नव्हता, हसू दिसू नये म्हणून होता. कारण ही सगळी करणी तिचीच होती.

आता हे बिनविरोध प्रकरण समजायचं, तर आमच्याकडच्या जत्रेतला रिवाज आधी सांगायला हवा. दुपारभर पोरासोरांच्या नारळाच्या कुस्त्या होतात, मग इनामाच्या. उन्हं कलली की शेवटची, मानाची. तिला जोड आधी ठरवत नाहीत. मानाचा पैलवान आखाड्यात उतरतो, उजवा हात वर करतो आणि हलगीच्या तालावर तीन फेऱ्या मारतो. ज्याची छाती असेल त्याने उठायचं आणि त्या वर केलेल्या हाताला हात लावायचा. लागला हात की लागली कुस्ती, मग माघार नाही. तीन फेऱ्यांत कुणीच उठलं नाही तर पटका त्यालाच बांधायचा आणि लोकांनी आपापल्या घरी जायचं.

तरुणपणी जयवंताच्या हाताला हात लावायला पोरं एकमेकांना ढकलत पुढे यायची आणि तितक्याच चपळाईने उताणी पडायची. त्याचा ढाक डाव बसला की समोरचा उठल्यावर आधी आपली पाठ जागेवर आहे का ते चाचपायचा. कर्जतच्या बाजारात अजून दोन सलूनवाल्यांनी त्याचा जुना फोटो आरशावर लावलाय, मिशीला पीळ दिलेला, आणि गिऱ्हाईकं तशी मिशी ठेवून मागतात. माणूस मोठाच होता, त्यात शंका नाही. चेष्टा करतोय म्हणून ते विसरायचं नाही.

पण साठीला टेकल्यावर एका जत्रेत जिंकता जिंकता तो मानेवर आपटला. जिंकला, पटका बांधला, मिरवला, आणि घरी येऊन चहाची बशी उचलायला गेला तर बोटांतून बशी निसटली. पनवेलच्या डॉक्टरने फोटो काढला, उजेडात धरला आणि गोदूबाईलाच बाजूला घेऊन सांगितलं, "मावशी, मानेचा मणका सरकलाय. परत अशी एक आपटी बसली तर गळ्याखालचं सगळं लुळं पडेल. कुस्ती बंद."

गोदूबाईने घरी येऊन तेच सांगितलं. जयवंता म्हणाला, "बंद कशी? मी हरलोय का अजून?"

हे त्याच्या उस्तादाचं खूळ. त्या म्हाताऱ्याने आपल्या तालमीतल्या प्रत्येकाकडून लाल मातीवर हात ठेवून वदवून घेतलं होतं, की पैलवानाने माती सोडायची ती पाठ लागल्यावरच. मातीने आपल्याला एवढं दिलं, तर जाताना तिला एकदा पाठ द्यायची. जिंकता जिंकता उठून गेला तो पळाला. उस्ताद कधीच वर गेला, पण जयवंताच्या डोक्यातून काही तो खाली उतरेना.

"म्हंजे लुळं पडल्यावर सोडणार?" गोदूबाई म्हणाली.

"पडंन तवा बगू," असं म्हणून पैलवान भाकरीकडे वळला.

गोदूबाईने मग भांडण सोडलं आणि डोकं चालवायला घेतलं. आता तिचं काम काय, तर बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊमाखू घालणं. पैलवानाच्या घरात तेलाला काय तोटा, आणि चोळायचं कसं हे नवऱ्याच्याच अंगावर शिकलेली. कर्जतपासून मोहोपाड्यापर्यंत निम्म्या घरांतली पोरं तिच्या पायांवर पालथी-उताणी होऊन मोठी झालेली. आज जी आखाड्यात मांड्या ठोकत फिरतात, त्या मांड्या मऊ होत्या तेव्हापासून गोदूबाईच्या ओळखीच्या. एवढं भांडवल असल्यावर ती गप्प कशी बसणार?

सून भाविका हिला तिने स्कूटी काढायला लावली. "कुठं जायचं, आई?"

"हळदीकुंकवाला."

"आता? फाल्गुनात कोण करतंय हळदीकुंकू?"

"मी," गोदूबाई म्हणाली आणि कुंकवाचा करंडा घेऊन मागे बसली.

पहिली गाठली ती भिवपुरीची मोतीबाई. तिचा प्रवीण त्या वर्षीचा सगळ्यात दांडगा गडी. आखाड्यात उतरला की बाकीचे हळूच लंगोट सोडून विजारी चढवायचे. गोदूबाईने मोतीबाईला कुंकू लावलं, तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवला आणि सरळ सांगितलं, "मोते, तुझा परवीन सातव्या महिन्यात झाला. डॉक्टरनं हात टेकले हुते. कुनी चोळून चोळून माणसात आणला?"

"तुमीच काकी. मी कुटं नाय म्हंते?"

"मग त्याला सांग, आमच्या ह्यांच्या हाताला हात लावायचा नाय. ह्यांची मान गेलीय. ह्यांना सांगायचं नाय, आनि पोरानं भायेर बोलायचं नाय. माझ्या कुंकवाचा प्रश्न हाय."

मोतीबाई जरा घुटमळली. पोरगा ऐकेल का? पैलवानकीची खाज काय असते ते तिला ठाऊक होतं.

"दूध कोन तापवतं त्याचं?" गोदूबाईने विचारलं. "बदाम कोन वाटतं? अंडी कोन उकडतं? हात लावलास तर खुराक बंद, एवढंच सांग. पैलवान बापाचं ऐकत नाय, उस्तादाचं ऐकत नाय, खुराकाचं ऐकतो."

झालं. त्या रात्री प्रवीणच्या पुढ्यात नुसती आमटी आली आणि दुसऱ्या दिवशी त्याने आई म्हणेल ते कबूल केलं. मग असंच एकेक घर. गावातल्या घरांत करंडा चालला. मोहोपाड्याच्या कॉलनीत, जिथल्या आया कंपनीच्या पाळ्यांमुळे घरी सापडत नसत, तिथे भाविकाने फोनवर ग्रुप उघडला. नाव ठेवलं 'आईचं ऐका'. त्यात गोदूबाई आवाज भरून पाठवायची, आणि जत्रा जवळ आली की एकेक आई अंगठा उचलून दाखवायची. डोंगरपायथ्याच्या वाडीवर फोन लागत नाही, म्हणून तिथल्या कोंडीला, जिचा पोरगा नवाच पण चिवट गडी होता, गोदूबाई चालत जाऊन भेटली. कोंडी म्हणाली, "पैलवानाला मीच जाऊन सांगते ना, आता बस म्हनून." गोदूबाईने तिला हात जोडले. "तेवढं नको बाय. तेवढंच नको."

आणि त्या वर्षी जयवंता पैलवान हात वर करून फिरला. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. पोरं मान खाली घालून मातीत रेघोट्या ओढत बसली. बांधावर आया बसलेल्या, पदर सावरून, डोळे वटारून. कुणी उठलं नाही. पटका बांधला गेला आणि गोदूबाईने घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

एवढ्यावर थांबलं असतं तर गोष्ट कशाला सांगितली असती. पण पुढच्या जत्रेतही तेच, त्याच्या पुढच्याही तेच, आणि लोक बोलायला लागले. म्हातारा आहे पण बघा, तरण्या पोरांची छाती होत नाही. जत्रा कमिट्या त्याला आधी टेंपो पाठवून बोलवायला लागल्या. बॅनर लागले, 'ज्यांच्या हाताला हात लावण्याची कुणाचीही छाती नाही', आणि खाली सगळ्या भावी नगरसेवकांचे फोटो. लढत होता तेव्हा जयवंता चार तालुक्यांत ठाऊक होता. लढायचा थांबला तेव्हा आठ तालुक्यांत झाला. घरातही त्याचा रुबाब वाढला. अंगणात चार माणसं जमली की म्हणायचा, "आता पोरांत दम नाय राहिला. आमी बगा, उस्तादाच्यासुद्धा हाताला हात लावला हुता." गोदूबाई आतून चहा पाठवायची आणि ओठ चावून घ्यायची.

हसू जिरलं ते मोहोपाड्याच्या जत्रेत. त्या दिवशीही तिसरी फेरी कोरडी गेली, पटका बांधून झाला आणि माईकवाला गजा, ज्याच्या तोंडाला कधी कुलूप लागत नाही, तो ओरडला, की घाटावरच्या मोठ्या मैदानाचं आमंत्रण आलंय. तिकडचे पैलवान म्हणतायत, खालच्यांची छाती होत नसेल, आमची होते. "तर मग पैलवान, जाणार का वरती?" म्हणून त्याने माईक थेट जयवंताच्या मिशीखाली धरला.

जयवंताने एकदा सगळ्या मैदानावर नजर फिरवली. मग म्हणाला, "जाणार की."

टाळ्या पडल्या. बांधावर बसलेल्या गोदूबाईने टाळीसाठी उचललेले हात तसेच खाली ठेवले. घाटावरची एक आई तिच्या ओळखीची नव्हती. तिकडचं एक पोर तिने चोळलेलं नव्हतं. तिकडे कोण कुणाचं दूध बंद करणार?

घरी आल्यावर तिने सगळं करून पाहिलं. रडली, जेवण टाकलं, डॉक्टरचा कागद काढून पुढ्यात आपटला. जयवंता सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "वर कुणीतरी पाडंल. पाठ लागली की सुटलो. उस्तादाचा शब्द हाय, गोदे." तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलाय. हरल्याशिवाय हा माती सोडणार नाही, आणि याला कुणी हरवू नये याचा बंदोबस्त तिनेच तर केला होता. इतका पक्का, की एकाही गावात फट राहिली नव्हती.

तिला स्वतःचा असा राग आला की त्या दिवशी तिने तेल चोळताना नवऱ्याला दोनदा चिमटा काढला. तो "आई गं" म्हणाला तेव्हा तिला रडू फुटलं.

घाटावर जायच्या आधी भिवपुरीची जत्रा मध्ये होती. तेवढीच एक संधी. गोदूबाईने प्रवीणला गाठलं. तो पॉवर हाऊसच्या रस्त्याला जोर मारून परत येत होता, घामाने निथळत.

"परवीन, यंदा ह्यांच्या हाताला हात लावायचा."

प्रवीण जागच्या जागी थांबला. "काकी, तुमीच तर..."

"ते सोड. यंदा लाव. आनि हळूच पाठ टेकव त्यांची. मानेला धक्का नको."

प्रवीण पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. दांडगा गडी, पण तिच्यासमोर अजून त्याचा आवाज बारीक व्हायचा. "काकी, कुस्तीत हळू असं काय नसतं. काका पकड घेणार, मला जोर लावायला लागणार. तेवढ्यात मान अडकली तर मी काय तोंड दावू? आनि समजा पाडलंच नीट, तर गाव म्हणंल, म्हाताऱ्याला पाडून मर्दुमकी गाजवली. आनि काकांनी मलाच आपटलं तर मला परत कोन कुस्तीला बोलवंल?" मग तो म्हणाला, "दुसऱ्या कुनाला सांगा. पन कोनी उठनार नाय. आमची सवयच गेली."

खरं बोलत होता पोरगा. गोदूबाईने आणखी दोघांना विचारलं, त्यांनीही हेच रडगाणं लावलं, आणि एकाची आई तर भांडायलाच आली. "काकी, काल म्हंता हात लावू नको, आज म्हंता लाव. माझा पोरगा काय तुमचा पाळलेला बैल हाय?" तिचंही खोटं नव्हतं.

जत्रेचा दिवस आला. बांधावर नेहमीच्या बायका बसल्या, मोतीबाई, कोंडी, मोहोपाड्याच्या चौघी, भाविका फोन धरून. गोदूबाई मधोमध. इनामाच्या कुस्त्या संपल्या, हलगी बदलली आणि जयवंता पैलवान उतरला. दंड थोपटले, मांड्यांवर असे फटके मारले की लांबचं वासरू दचकलं, आणि हात वर करून निघाला.

पहिली फेरी. पोरं गप्प.

दुसरी फेरी. गजा माईकवर पेटला होता. "आहे का कुणी? आहे का कुणी आईचं दूध प्यायलेला?" हे ऐकून बांधावरच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि मोतीबाईला ठसका लागला. गोदूबाईला मात्र काहीच हसू आलं नाही. ती नवऱ्याच्या मानेकडे बघत होती. हात वर धरला की मानेची ती शीर ताठायची, ती फक्त तिलाच दिसायची. आठवड्याने ह्याच मानेला कुणीतरी अनोळखी पोरगा हात घालणार होता, ज्याला हे काहीच ठाऊक नसणार.

तिसरी फेरी सुरू झाली आणि गोदूबाई उठली.

भाविकाला वाटलं, आईंना पाणी हवंय. पण तिने चपला बांधावर काढल्या, लुगड्याचा कासोटा घट्ट केला, पदर खोचला आणि सरळ आखाड्यात उतरली. वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली. जयवंता पाठमोरा होता. तो वळला, तेवढ्यात तिने टाचा उंच करून त्याच्या वर केलेल्या हाताला हात लावला.

हलगी बंद पडली. गजाचं तोंड पहिल्यांदाच उघडं राहून बंद होतं.

"गोदे," जयवंता ओठातल्या ओठात म्हणाला, "काय हे? घरी जा."

"हात लावलाय. लढा."

आता पंच होता सखा, जयवंताच्याच तालमीतला जुना गडी. त्याच्याकडे सगळं मैदान बघायला लागलं. कुणीतरी म्हणालं, बाईमाणूस आखाड्यात कसं चालेल. सखाने डोकं खाजवलं. "गेल्या वर्षीपासून पोरींच्या कुस्त्या लावतोय ना आपन? मग पोरगी चालते तर वहिनी का नाय?" मग त्याने खाकरून निवाडा दिला, "हाताला हात लागला. कुस्ती लागली."

मैदान हसून हसून लोळायला आलं. गजाला वाचा फुटली. "तर मंडळी, एका बाजूला जयवंता पैलवान, दुसऱ्या बाजूला त्यांच्या सौभाग्यवती. वजन..."

"वजन इचारशील तर तुलाबी आडवा करीन," गोदूबाई म्हणाली. गजाने वजन सोडून दिलं.

जयवंताचं तोंड लाल झालं होतं. "मी बायकोशी नाय लढनार, सखा."

"मग हरलात," सखा म्हणाला.

"पाठ लागल्याबिगर हरलो कसा? उस्तादाचा शब्द..."

"कोन म्हंतं पाठ लागनार नाय?" असं म्हणून गोदूबाईने मूठभर माती घेतली. कुस्तीत समोरच्याच्या अंगाला माती लावायची पद्धत आहे, पकड निसटू नये म्हणून. तिने ती माती त्याच्या खांद्यांवर चोळली. आता ते चोळणं कुस्तीचं नव्हतं. तिचे अंगठे गळ्याच्या हाडाखाली गेले, तिथून मागे, मानेच्या दोन्ही बाजूंनी खाली. हेच ती रोज संध्याकाळी कोमट तेल घेऊन करायची, इतकी वर्षं, आणि त्या अंगाला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. जयवंताचे खांदे सैल पडले. डोळे अर्धवट मिटले.

"बसा," ती म्हणाली. तो बसला.

"उताणं व्हा."

आणि कर्जत-खालापूरचा पैलवान, ज्याच्या हाताला हात लावायची कुणाची छाती नव्हती, तो रोजच्या सवयीने गपगार उताणा झाला. मान तिने तळहातावर झेलली, पोर ठेवावं तशी मातीवर ठेवली, दोन्ही खांदे दाबले आणि सखाकडे बघितलं.

सखाने शिट्टी फुंकली. "चीतपट."

मग काय विचारता. टोप्या उडाल्या, हलगीवाल्याला काय वाजवावं सुचेना म्हणून त्याने लग्नातलं वाजवलं. प्रवीण आणि बाकीची पोरं आखाड्यात घुसली. पटका कुणाला बांधायचा हा प्रश्न पडला तेव्हा सखाने तो गोदूबाईच्या डोक्यावर ठेवला आणि तिने तो लगेच काढून मोतीबाईच्या अंगावर फेकला. या प्रकाराचा पुढे आमच्याकडे रिवाजच पडला. आता ज्या पैलवानाला माती सोडायची असते, त्याच्या हाताला त्याच्या घरची हात लावते, मग ती बायको असो, आई असो नाहीतर लेक, आणि सगळं मैदान उभं राहून बघतं. जयवंताने किती जणांना पाडलं ते लोक आता विसरत चाललेत. हे कुणी विसरत नाही.

पण तेवढ्यावर संपलं नाही. गजाने माईक आणला, निरोपाचे दोन शब्द बोला म्हणून. जयवंता मातीतच बसलेला, पाठ सगळी लाल. त्याने माईक हातात घेतला. "उस्तादाला शब्द दिला हुता," तो म्हणाला, "आज पाठ लागली. मी सुटलो. घाटावर आता कुनी वाट बघू नका."  मग त्याने माईक गोदूबाईकडे वळवला. "जाता जाता एक इचारतो. सगळ्यांसमोर खरं सांग, गोदे. ही पोरं मला भ्यायची ना गं?"

 पोरं पायाकडे बघायला लागली. बांधावर मोतीबाईने कोंडीचा हात धरला. गोदूबाईच्या अगदी जिभेवर आलं होतं. एवढी मोठी खटपट, एवढे करंडे, एवढी स्कूटी फिरवली, आणि त्याचं श्रेय आपण घ्यायचंच नाही म्हणजे काय? आयुष्यात असा माईक परत कोण हातात देणार होतं? तिने नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. मिशीत माती होती.

"भ्यायची," ती म्हणाली. "अजून भितात."

बांधावरच्या एकीनेही तोंड उघडलं नाही. पोरांनीही नाही. सबंध तालुक्याने श्वास सोडला तो ऐकू आला, आणि मग टाळ्या पडल्या त्या थांबेनात.

परत येताना कमिटीचा टेंपो होता. भाविका पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, हे दोघं मागे, मध्ये हारांचा ढीग. भिवपुरीचं फाटक मागे पडलं. मग जयवंता म्हणाला, "माईकवर खोटं का बोललीस?"

गोदूबाई सावध झाली. "कसलं खोटं?"

"पैलवान हाय गं मी. हात वर केला की समोरचं पोरगं घाबरून माझ्याकडं बगतंय का बांधावर आपल्या आईकडं बगतंय, एवढं मला कळतं. पहिल्याच वर्षी कळलं. तो परवीन तर आईकडं बगून दूधच मागत असल्यासारखा बगत हुता."

गोदूबाईने मधले हार बाजूला सारले. एवढी वर्षं ती समजत होती की आपण याला फसवतोय, आणि हा अंगणात बसून चहा पीत तिची फसवणूक गोड मानून घेत होता. "ठाव हुतं तर बोललात का नाय?"

जयवंताने हारातली एक पाकळी तोडली आणि बोटांत चुरगाळली. बोटं अजून पहिल्यासारखी चालत नव्हती. "मी भ्यायलो हुतो, गोदे," तो म्हणाला. "त्या मानेच्या दिवसापासनं. फेरी मारताना पाय लटलटायचे, ते दिसू नये म्हनून मांड्यांवर जोरात ठोकायचो. तू सगळ्यांना थांबवून ठेवलंस म्हनून निभलं. घाटावर जातो म्हनालो ते बी गजानं माईक धरला म्हनून. चारचौघांत नाय कसं म्हननार?"

"अवो, पन मला एकदा बोलायचं. घरात बोलायचं. मी कुनाला सांगनार हुते?"

"तुला बोललो असतो," जयवंता म्हणाला, "तर तू सगळ्यांना थांबवायचं सोडून मला घरी बसवलं असतंस. आनि मग पोरं मला भ्यायची, असं कुनी माईकवर बोललं असतं का?"

गोदूबाईने त्याच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला. मान तेवढी सांभाळली.